मदत हवी आहे: हिस्ट्री पुसूनही जुने शोध पुन्हा दिसतात. खासगी ब्राउझिंग नेमके कुठवर खासगी असते?

नमस्कार.

आमच्या घरी एकच संगणक आहे आणि तो मी, माझी पत्नी, मुलगी व आई असे चौघेही वापरतो. गेल्या महिन्यात आईच्या काही तपासण्या झाल्या. पहिल्या अहवालात एका गंभीर आजाराची शंका होती, परंतु दुसऱ्या तपासणीचा निष्कर्ष हाती येईपर्यंत तिला काही सांगायचे नाही, असे डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवले होते. त्या चार-पाच दिवसांत मी रात्री उशिरापर्यंत त्या आजाराविषयी वाचत बसे आणि उठण्यापूर्वी न चुकता कंट्रोल, शिफ्ट व डिलीट ही बटणे एकत्र दाबून ब्राउझिंग हिस्ट्री पुसत असे. एवढे केले की मागे काही उरत नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

एका दुपारी आई काहीतरी शोधायला बसली. तिने सर्चच्या चौकटीत पहिली दोन अक्षरे टाइप केली आणि खाली उघडलेल्या यादीत त्या आजाराचे पूर्ण नाव, त्यापुढे ‘जगण्याची शक्यता’ हे शब्द आणि डावीकडे घड्याळाचे बारीकसे चिन्ह असे सगळे तिच्यासमोर आले. ते चिन्ह म्हणजे पूर्वी केलेल्या शोधाची खूण, हे तिला ठाऊक नव्हते. शब्द मात्र तिने वाचले. तिने मला हाक मारली आणि ‘हे माझ्याबद्दल आहे का?’ एवढेच विचारले. पुढे दुसरा अहवाल आला आणि तो दिलासा देणारा निघाला. पण मधले दोन दिवस तिने ज्या अवस्थेत काढले ते टाळता आले असते, ही टोचणी मनातून जात नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. हिस्ट्री पुसलेली असताना ती ओळ आली कुठून? मी इन्कॉग्निटो विंडो (ब्राउझरची खासगी खिडकी) वापरली असती तर हे टळले असते का? त्याच आठवड्यात पत्नीच्या फोनवर त्या आजाराच्या उपचारांच्या जाहिराती दिसू लागल्या, तिने स्वतः काहीही शोधलेले नसताना. तो योगायोग समजावा का? आणि सरसकट सगळे पुसले की पत्नी व मुलगी ज्या संकेतस्थळांवर लॉगइन असतात तिथून त्या बाहेर पडतात आणि माझ्यावर रागावतात, तेव्हा केवळ हव्या त्या नोंदी काढण्याचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १

आपल्या आईंचा अहवाल चांगला आला हे वाचून बरे वाटले. आता पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण बाकीचे बरेचसे त्यातूनच उलगडते.

आपल्या शोधांची नोंद दोन वेगळ्या वह्यांत होते असे समजा. एक वही ब्राउझरची, जी आपल्या संगणकावर असते. दुसरी वही आपण ज्या खात्याने लॉगइन आहात त्या खात्याची, जी त्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. आपण रोज रात्री पहिली वही कोरी करत होता. घड्याळाच्या चिन्हाची ओळ बहुधा दुसरीतून आली. कुकी (म्हणजे संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात ती ओळखीची छोटी नोंद) पुसल्यावर आपण सगळीकडून लॉगआउट होतो, हा समजही पुरता खरा नाही: क्रोममध्ये ब्राउझरच खात्याला जोडून सिंक (ब्राउझरमधल्या नोंदी खात्याशी जुळवून ठेवण्याची सोय) चालू ठेवलेले असेल, तर कुकी पुसूनही गूगल खात्याचे लॉगइन कायम राहते. दुसरी वही त्या खात्यात जाऊनच पुसावी लागते. गूगलच्या बाबतीत ती ‘माय ॲक्टिव्हिटी’ या पानावर असते. तिथे एकेक शोध काढता येतो आणि तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांपूर्वीच्या नोंदी आपोआप पुसल्या जाव्यात अशी व्यवस्थाही लावता येते. इतर शोधयंत्रांच्या खात्यांतही अशी सोय सहसा असते.

आणखी एक गोष्ट तपासा. पुसण्याच्या चौकटीत वर कालावधी निवडायचा असतो आणि तिथे पुष्कळदा ‘गेला एक तास’ हाच पर्याय आधीपासून असतो. आपण तीन तास वाचत बसला असाल आणि तो पर्याय बदलला नसेल, तर पहिले दोन तास जिथल्या तिथे राहिले.

निवडक नोंदी काढण्याविषयी: क्रोममध्ये हिस्ट्रीचे पान उघडून वरच्या चौकटीत त्या संकेतस्थळाचे नाव लिहिले की तेवढ्याच नोंदी समोर येतात, त्या निवडून काढाव्यात. फायरफॉक्समध्ये हिस्ट्रीतल्या नोंदीवर राइट क्लिक केल्यास ते संपूर्ण संकेतस्थळच विसरून जाण्याचा पर्याय मिळतो. पत्त्याच्या पट्टीत हिस्ट्रीतून येणारी एखादीच नकोशी सूचना घालवायची असेल, तर बाणाच्या बटणाने तिच्यावर जाऊन शिफ्ट व डिलीट दाबावे. मला व्यक्तिशः निवडक पुसणेच अधिक योग्य वाटते. चार माणसांच्या संगणकावर हिस्ट्री अचानक पूर्ण कोरी दिसली, तर ते कोरेपणही पाहणाऱ्याला काहीतरी सांगून जाते.

प्रतिसाद २

इन्कॉग्निटोबद्दल लिहितो, कारण त्याविषयी फार गैरसमज आहेत आणि त्यांचा दोष वापरणाऱ्यांना देता येत नाही. ही सोय सफारीत २००५ मध्ये आली, क्रोममध्ये २००८ मध्ये आणि फायरफॉक्समध्ये २००९ मध्ये. तिचा मूळ हेतू एकच होता: त्याच यंत्रावर नंतर बसणाऱ्याला आपले ब्राउझिंग दिसू नये. आपली अडचण नेमकी हीच असल्यामुळे ती आपल्याला उपयोगी पडली असती, मात्र एका अटीवर. त्या विंडोत खात्यात लॉगइन करायचे नाही. तसे केले की दुसरी वही पुन्हा भरू लागते.

बाहेरच्या जगाला मात्र ही विंडो फारसे काही लपवत नाही. संकेतस्थळाला आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपल्या जोडणीला मिळालेला क्रमांक, दिसतोच. संकेतस्थळाचा पत्ता एचटीटीपीएसने (माहिती सांकेतिक रूपात पाठवण्याच्या पद्धतीने) सुरू होत असेल तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपण कोणते पान वाचले ते कळत नाही, परंतु कोणत्या संकेतस्थळावर गेलो ते सहसा कळते. डाउनलोड केलेली फाइल आणि जतन केलेला बुकमार्क विंडो बंद केल्यावरही राहतो. कार्यालयाच्या संगणकावर देखरेखीची प्रणाली असेल, तर तिथेही या विंडोवर विसंबू नये. या विषयावरून गूगलवर अमेरिकेत २०२० मध्ये दावा दाखल झाला होता. २०२४ मधील तडजोडीत अशा ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले, आणि आपण भेट देत असलेली संकेतस्थळे व गूगलसह त्यांच्या सेवा जी माहिती गोळा करतात त्यात या विंडोमुळे बदल होत नाही, असे आता त्या विंडोच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असते. ते पान एकदा सावकाश वाचा.

जाहिरातींबाबत खात्रीने सांगता येणार नाही. मात्र एकाच वायफायवरची उपकरणे बाहेर बहुधा एकाच आयपी पत्त्याने दिसतात, आणि त्यावरून ती एकाच घरातली आहेत असा अंदाज जाहिरातदारांना बांधता येतो. पत्नीच्या फोनवरही आपलेच खाते लॉगइन असेल तर कारण याहून साधे आहे. ते आधी पाहा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. खाते उघडून पाहिले तेव्हा त्या पाच रात्रींचा एकेक शोध तिथे वेळेसकट होता. पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी मी काय विचारले होते, ते वाचताना हात थांबला. ते सगळे काढले आहे. पत्नीच्या फोनवर व्हिडिओ पाहण्यासाठी कधीतरी माझेच खाते जोडून दिलेले निघाले, तेही काढले.

एक शंका उरते. चौघांसाठी एकच ब्राउझर ठेवून पुसापुशी करत राहण्यापेक्षा कायमची व्यवस्था काय करावी? आईला पासवर्ड टाइप करणे जड जाते, हे लक्षात घेऊन सुचवावे.

प्रतिसाद १

संगणकावर प्रत्येकाचे वेगळे यूजर अकाउंट करा; हिस्ट्री, कुकी, सूचना सगळे आपोआप वेगळे होते. आईंना पासवर्डऐवजी चार अंकी पिन ठेवता येईल, किंवा यंत्रात सोय असल्यास बोटाचा ठसा. ब्राउझरमध्ये वेगवेगळी प्रोफाइल करणे त्याहून सोपे आहे, पण एका टिचकीत दुसऱ्याचे प्रोफाइल उघडता येते, त्यामुळे तो केवळ पडदा आहे, कुलूप नव्हे. पाहुण्यांसाठी क्रोममध्ये गेस्ट विंडो आहे. इन्कॉग्निटोत पत्त्याच्या पट्टीत आपल्या नेहमीच्या हिस्ट्रीतील सूचना येऊ शकतात, गेस्टमध्ये त्या येत नाहीत, हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

प्रतिसाद २

फोनही तपासा. फोनवर इन्कॉग्निटोचे टॅब आपण स्वतः बंद करेपर्यंत तसेच उघडे राहू शकतात, आणि फोन हातात घेणाऱ्याला ते सहज दिसतात. फोनच्या क्रोममध्ये ते टॅब ठशाने किंवा स्क्रीनलॉकने कुलूपबंद करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे.

धागाकर्ता

आपण सांगितल्यावर लगेच पाहिले. रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात उघडलेले तीन टॅब माझ्या फोनवर अजून तसेच होते, आणि हाच फोन आई रोज संध्याकाळी मावशीशी बोलायला घेते. ते बंद केले, कुलूपही लावले. संगणकावर आईचे वेगळे अकाउंट आज केले. पिन तिने स्वतः निवडला आणि मला सांगितला नाही.