ल्यूकच्या लाइटसेबरची मूठ: जुनी ग्राफ्लेक्स नळी घ्यावी की रेप्लिका? पट्ट्या किती, चिकटवायच्या कशाने?

पदवान_पुणेकर
१९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या ल्यूकच्या लाइटसेबरची (प्रकाशाच्या तलवारीची) मूठ करायची आहे. चित्रपटात ती जुन्या कॅमेऱ्याच्या ग्राफ्लेक्स फ्लॅशच्या नळीवरच बनवली होती. फक्त शोकेससाठी, पातं नको. तीन सेलच्या मूळ ग्राफ्लेक्स फ्लॅशच्या नळ्या ईबेवर दिसतात, पण बऱ्याच गंजलेल्या आणि तळाचं झाकण अडकलेल्या. त्याच मापाच्या रेप्लिकाही मिळतात. कोणती घ्यावी? शिवाय फोटोंमध्ये काळ्या पट्ट्या कुठे ६ तर कुठे ७ आहेत. नळीभोवतीच्या क्लॅम्पमध्ये कुठे भिंगांची पट्टी आहे, तर कुठे सर्किटचा तुकडा. यातलं बरोबर कुठलं? काळ्या पट्ट्या ज्याच्या करतात त्या टी-ट्रॅकला (इंग्रजी T आकाराच्या पट्टीला) आपल्याकडे दुकानात काय म्हणतात? आणि फेविक्विक चालेल का?

लोहारचाळ
फोटोंमध्ये दोन चित्रपटांची खिचडी झाली आहे. १९७७ च्या मुठीवर ७ पट्ट्या आणि क्लॅम्पमध्ये भिंगांची पट्टी. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये (पुढे नुसतं 'एम्पायर') ६ पट्ट्या आणि क्लॅम्पमध्ये सर्किट बोर्डाचा तुकडा. कमरेला अडकवायची डी-रिंग तळाच्या झाकणावर. ७ पट्ट्या आणि सर्किट असं मिश्रण करून विकणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे आधी एक चित्रपट ठरवा आणि त्याच्याच स्थिरचित्रांना धरून राहा.

ती भिंगं म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एक्झॅक्ट्रा कॅल्क्युलेटरमधली, लाल आकडे मोठे दिसावेत म्हणून बसवलेली पट्टी. सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चन यांनी लंडनमधल्या एका फोटोग्राफीच्या दुकानातून ग्राफ्लेक्सच्या नळ्या उचलल्या आणि हाताशी होतं ते त्यांवर चिकटवलं. चालू कॅल्क्युलेटर फोडू नका, भिंगांच्या रेझिनच्या नकला सहज मिळतात.

पट्ट्यांची आखणी: नळीचा व्यास साधारण ३८ मिमी, म्हणजे परीघ ११९ ते १२० मिमी. ७ पट्ट्यांसाठी मध्यापासून मध्यापर्यंत १७.१ मिमी, ६ साठी २० मिमी. नळीवर थेट मोजत बसलात तर शेवटच्या पट्टीला हमखास २-३ मिमीची चूक साठते. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, जिथे टोकं मिळतात तिथे कापा, सपाट ठेवून तिचे भाग पाडा आणि खुणा पुन्हा नळीवर उतरवा.

टी_प्रोफाइल
प्लायवुडच्या दुकानात 'पीव्हीसी टी-बीडिंग' किंवा 'टी-प्रोफाइल' मागा. पुण्यात रविवार पेठ, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चौकशी करा. टेबलाच्या कडेला खाचेत ठोकतात तेच. मुठीवर ते उलटं बसतं: सपाट बाजू नळीला, उभी कड बाहेर. अडचण अशी की उभ्या कडेला खाचेत रुतण्यासाठी दाते असतात. ते नव्या ब्लेडने, स्टीलची पट्टी धरून सलग तासायचे. पॉलिश पेपरने घासू नका. मऊ पीव्हीसीला लव सुटते आणि काळा रंग राखाडी दिसतो.

बीडिंग गुंडाळीत येतं आणि तो बाक त्यात राहतो. तसंच चिकटवलं तर काही दिवसांत टोकं उचलतात. आधी गरम पाण्यात (उकळत्या नव्हे) बुडवून सरळ करा, सपाट फरशीवर वजनाखाली रात्रभर ठेवा, मग सातही तुकडे एकाच मापाने कापा.

आता खरी मेख. पट्टी सपाट, नळी गोल. ८ मिमी रुंद पट्टी ३८ मिमीच्या नळीवर टेकवली की दोन्ही कडांखाली सुमारे ०.४ मिमी फट उरते. फेविक्विक इतकी फट भरत नाही. शिवाय त्याच्या वाफेने चकचकीत प्लेटिंगवर पांढरी धुरकट झाक येते, आणि सांधा ठिसूळ असल्यामुळे पट्टी वाकली की तडकतो. हळू सुकणारं अराल्डाइट वापरा. पट्टीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, तळाला पातळ थर द्या, रबरबँडने बांधा. बाहेर आलेलं आयपीएच्या (आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या) बोळ्याने पुसा आणि अराल्डाइट कडक व्हायच्या आत टेप सोडवा. नंतर सोडवलीत तर टेपचे धागे आत अडकतात. जाड फोमची दुहेरी टेपही फट भरते, पण मऊ पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य टेपच्या गोंदात उतरतं आणि मे महिन्यात पट्ट्या सरकू लागतात.

स्पीड_ग्राफिक
जुनी घ्यायचीच असेल तर झाकण उघडलेला फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. या नळ्यांत टॉर्चचे मोठे, डी साइझचे सेल असायचे. आत फुगलेला सेल अडकला असेल, तर नळी आतून फुगलेली असू शकते आणि ती परत गोल होत नाही. 'फोल्मर ग्राफ्लेक्स' आणि 'ग्राफ्लेक्स इन्क.' हे दोन्ही ठसे अस्सल आहेत, कंपनीचं नाव १९४५ मध्ये बदललं. काचेचा डोळा, लाल बटण आणि क्लॅम्पची खिट्टी जागेवर आहेत ना ते पाहा. सुटे भाग शोधताना नळीइतकाच खर्च होतो.

अडकलेल्या झाकणाच्या सांध्यात डब्ल्यूडी-४० सोडा, रात्रभर उभं ठेवा, मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून हातानेच फिरवा. पाइप पाना लावलात तर पितळी नळी चेपते आणि प्लेटिंगवर दात उमटतात. आतली घाण कोणत्या सेलची आहे त्यावर उपाय ठरतो: जुने झिंक-कार्बन सेल आम्लधर्मी गळतात, त्यांना खायच्या सोड्याचं पाणी. नंतर कुणी अल्कलाइन घातले असतील तर पातळ व्हिनेगर. व्हिनेगर मिनिटभरच, मग धुऊन लगेच कोरडं करा, नाहीतर निकेल काळवंडतं. बाहेरून ब्रासो जपून. प्लेटिंग पातळ असतं, कडांवर लगेच पितळ उघडं पडतं.

माझं मत विचाराल तर शोकेससाठी रेप्लिका घ्या. चालू स्थितीतली फ्लॅशनळी जुने प्रेस कॅमेरे जमवणाऱ्यांना हवी असते, तिच्यावर अराल्डाइट ओतणं पटत नाही.

लोहारचाळ
@स्पीड_ग्राफिक, चालू नळीबद्दल सहमत. पण फुटक्या सॉकेटची, कॅमेऱ्याला निरुपयोगी नळी स्वस्तात मिळाली तर का नाही? पितळेचं वजन हातात वेगळंच लागतं, ॲल्युमिनियमच्या रेप्लिकात ते येत नाही.

मागवताना एक सांभाळा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) प्रमाणपत्राची सक्ती आहे. विक्रेत्याने पार्सलवर नुसतं 'टॉय' लिहिलं तर ते कस्टम्समध्ये अडकू शकतं. जुन्या नळीला 'जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची मूठ' असंच लिहायला सांगा, ती आहेच तशी. पुढेमागे याच चित्रपटातल्या हॅन सोलोचं ब्लास्टर मागवायचं मनात असेल तर वेगळी चौकशी करा. ते माउझर सी९६ पिस्तुलावर बेतलेलं असल्यामुळे दिसायला बंदूकच आहे.

पदवान_पुणेकर
धन्यवाद. रेप्लिका, ७ पट्ट्या, अराल्डाइट ठरलं. भिंगांची पट्टी क्लॅम्पमध्ये घट्ट जात नसेल तर?

टी_प्रोफाइल
जोर लावू नका, रेझिन मधोमध तुटतं. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पट्टीची मागची बाजू ओली घासा, दर वेळी बसवून बघा. उलट, सैल झाली तर मागे पातळ टेपचा एक थर पुरतो, गोंद नको. पुढे 'एम्पायर'चं सर्किट बसवावंसं वाटलं तर पट्टी बाहेर काढता आली पाहिजे.