जिम्नीने कुंझुम पास: मनालीकडून चढावं की काझाकडून?

कोथरूडकर:
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून निघतोय. गाडी मारुतीची फोर बाय फोर जिम्नी, मॅन्युअल, टायर कंपनीचेच. माणसं तीन, त्यात आई ६३ वर्षांची. बेत असा: मनालीला एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी ग्रांफू-बातलमार्गे थेट चंद्रताल सरोवर, मग कुंझुम खिंड ओलांडून हिमाचलच्या स्पितीतलं काझा. ताम्हिणी आणि वरंध सोडले तर घाटाचा सराव नाही, लो रेंज (फोर बाय फोरचा संथ पण जास्त जोराचा गिअर) कधी टाकलेली नाही. टायरमध्ये हवा किती ठेवायची, नाले कसे ओलांडायचे, पेट्रोल पुरेल का?

घाटमाथा:
आधी बेत उलटा करा. मनाली साधारण २,०५० मीटरवर, चंद्रताल ४,३०० च्या आसपास. एका दिवसात एवढं चढून तिथेच झोपणं तरण्याताठ्यांनाही बाधतं, आईंना घेऊन तर नकोच. शिमला, कल्पा, ताबो असे मुक्काम करत काझाला या. काझा ३,६५० मीटरवर आहे, तिथे दोन रात्री काढा. मग कुंझुम (४,५५१ मीटर), चंद्रताल आणि शेवटी मनाली. उंचीचा त्रास टाळायची गोळी, डायमॉक्स, घ्यायची का ते पुण्यातच डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. डोकेदुखीसोबत उलट्या व्हायला लागल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळ व्हायची वाट बघू नका, खाली उतरा.

जुलैत वाटेवरच्या किन्नौरमध्ये दरडी येतात, म्हणून दोन दिवस हातचे ठेवा. सप्टेंबर जमत असेल तर माझं मत सप्टेंबरलाच. पाऊस ओसरलेला असतो, नाल्यांचं पाणीही उतरलेलं असतं.

लोरेंज:
उलट्या बेताचा आणखी एक फायदा नाल्यांसाठी. बातलहून मनालीकडे जाताना लागणाऱ्या छोटा दडा, छत्रूच्या पट्ट्यातलं पाणी वितळलेल्या बर्फाचं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओहोळ दुपारी गुडघ्याच्या वर जातो. चंद्रतालहून सहाला निघालात तर अवघड नाले ऊन तापायच्या आत मागे पडतात.

पाण्याच्या काठावर गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून फोर-एल, म्हणजे लो रेंज, टाका. पुढची गाडी कुठून जाते, पाणी तिच्या चाकाच्या कुठवर येतं ते बघा आणि ती पलीकडे पोचल्यावरच पाण्यात घाला. पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा, क्लचला पाय नाही. तळाशी वाटोळे गोटे असतात. चाक त्यांवरून घसरलं की माणूस घाबरून क्लच दाबतो आणि गाडी तिथेच बसते. इंजिन पाण्यात बंद पडलं आणि एअर फिल्टरपर्यंत पाणी गेल्याची शंका असेल, तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

चढावर दुसरी गोष्ट. जिम्नीला टर्बो नाही. कुंझुमवर हवा इतकी विरळ की एक तृतीयांशाहून जास्त ताकद जाते. वळणावर गाडी दम सोडते, मग अर्ध्या क्लचवर रेटली जाते आणि जळका वास येतो. तो वास यायच्या आधीच लो रेंज टाका. उतरतानाही तोच गिअर, ब्रेकवर बसून उतरू नका. डांबर लागलं की टू-एच, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद. या गाडीला सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, कोरड्या डांबरी वळणावर फोर बाय फोरमध्ये ट्रान्समिशनला पीळ बसतो.

कोथरूडकर:
बेत बदलला, मनापासून आभार. हवा आणि पेट्रोलचं सांगाल का?

पंक्चरपेटी:
गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं. त्यामुळे पुण्यात भरलेली हवा काझात सुमारे ४ पीएसआय जास्त दिसते, थंडीमुळे त्यातली थोडी उतरते. म्हणून काझात सकाळी, टायर थंड असताना मोजा आणि दारावरच्या स्टिकरच्या आकड्यावर आणा. कुंझुमच्या अलीकडचं लोसर गाव सोडल्यावर दगडी रस्त्यात त्यातून ४ कमी करा. सामान भरलेलं असताना २० च्या खाली नको, धारदार दगडावर रिम टेकते. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, कापली गेली तर पंक्चरची वात उपयोगाची नाही, तेव्हा स्टेपनी पुण्यातच तपासून घ्या. कॉम्प्रेसर हवाच, नाहीतर सोडलेली हवा मनालीपर्यंत भरता येणार नाही.

पेट्रोल काझात टाकी फुल्ल. मनाली सुमारे २०० किलोमीटर, चंद्रतालचं जाऊन-येऊन आणखी २८. लो रेंजमुळे ८ चं ॲव्हरेज धरलं तरी २९ लिटर, टाकी ४० ची. कॅन नको.

टो करायचा पट्टा चॅसीच्या हुकालाच लावा, बंपरला नाही. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. उतरताना तुम्हाला थांबून पुन्हा निघणं सोपं असतं, तिला नसतं.