बोटीवरून हादरून आलेल्या माणसाने मेडिकलला खरं सांगावं का?

आबलोलीची सून:
माझं मत, सांगावंच. नवरा एबी, म्हणजे मालवाहू बोटीवर खलाशी आहे, लाल समुद्रातून जाताना बोटीच्या अगदी जवळ ड्रोन पडला, सगळे वाचले, पण घरी आल्यापासून झोप नाही, गणपतीत फटाका वाजला तर मागच्या पडवीत जाऊन थरथरत उभे राहिले, मुलीवर कधी आवाज चढवला नव्हता तो आता चढतो. पुढच्या महिन्यात मेडिकल आहे, म्हणजे परत बोटीवर जाण्याआधीची तपासणी. म्हणतात, डॉक्टरने झोपेचं विचारलं की 'चांगली लागते' म्हणायचं, सगळे तेच करतात. मला नाही पटत, पुन्हा त्याच पाण्यात पाठवायचं आणि आपण इथे मेसेजची वाट बघत बसायचं?

दाभोळचा_ओएस:
वहिनी काळजी कळते पण हे कुणाला सांगू नका. एकदा डोक्याचं काही आहे असा शेरा पडला की बोटीवर नोकरी लावणारा एजंट फोन उचलत नाही, उचललाच तर 'व्हेकन्सी नाही'. आमच्या वाडीतला एक जण खरं बोलला, आता आंब्याच्या पेट्या भरतोय आणि घराचं कर्ज तसंच आहे. थोडे दिवस घरी राहू द्या, देवाला गाऱ्हाणं घाला, माणूस येतो ताळ्यावर. आमचे आजोबा-काका असेच जगले.

निवृत्त_चीफ_रत्नागिरी:
ते काका लोक कसे जगले ते मी बघितलंय, संध्याकाळ झाली की बाटली आणि घरातली बाई गप्प. आता कामाचं सांगतो. एमएलसी 2006, म्हणजे बोटीवरच्या कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, भारताने 2015 मध्ये स्वीकारला. बोटीवर असताना लागलेल्या आजाराचा खर्च मालकाचा, देशाच्या कायद्याने मर्यादा घातली तरी ती 16 आठवड्यांच्या खाली नेता येत नाही. पण त्यातच असंही आहे की साइन ऑन करताना, म्हणजे बोटीवर रुजू होताना, आजार मुद्दाम लपवला तर मालकाला सुटता येतं. म्हणजे खोटं बोलून गेलात आणि भर समुद्रात कोसळलात तर हात वर करायला कंपनी मोकळी. आणि अनफिट दिलं तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरकडून तपासून घ्यायचा हक्क आहे.

दाभोळचा_ओएस:
सर तुम्ही ऑफिसर होता. दुसऱ्या डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत आमची जागा भरलेली असते, ओएससाठी, खालच्या दर्जाच्या खलाशासाठी, कोण थांबतंय.

हर्णैची_नर्स:
दादाची भीती खरी आहे, म्हणूनच विचारते, पहिल्यांदा बोलायची जागा मेडिकलच का? आधी उपचार सुरू करा. 14416 टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. सीफेररहेल्प ही हेल्पलाइनही आहे, 24 तास, खास बोटीवरच्या लोकांसाठी, काही गुप्त ठेवतात. आणि मानसिक आरोग्य कायदा 2017 प्रमाणे डॉक्टरला पेशंटची माहिती त्याला न विचारता एजंटला देता येत नाही. दचकणं, झोप उडणं बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत कमी होतं, महिना उलटूनही तसंच असेल तर मात्र मनोविकारतज्ज्ञ हवाच. यावर उपचार आहेत आणि माणसं बरी होऊन परत बोटीवर जातात. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक तोंड फिरवतात, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आबलोलीची सून:
महिना कधीच उलटला ताई. आज मीच आधी 14416 ला फोन करते, मग त्यांच्या हातात देते. दादा, कर्ज आमच्यावरही आहे, पण 'चांगली लागते' असं सांगून मी त्यांना पाठवणार नाही. मेडिकलची तारीख पुढे घ्यायला सांगते.

दाभोळचा_ओएस:
पुढे घ्या, त्याला माझी ना नाही. फक्त एजंटला कारण घरचं कार्य म्हणून सांगा, आजार म्हणू नका.

निवृत्त_चीफ_रत्नागिरी:
तारखेपुरतं ठीक आहे. मेडिकलच्या फॉर्मवर मात्र खरंच लिहायचं, उपचाराचे कागद सोबत जोडून.