टेबलातच दोन पीसी बसवायचेत, सुतार तयार आहे पण माझंच ठरेना

गावभागकर:
मंडळी नमस्कार. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करतो, बायको घरूनच चार-पाच दुकानांचं जीएसटी आणि टॅली बघते. दोघांचे दोन कॅबिनेट खाली पायात, वायरींचा गुंता असा की केरसुणी आत जात नाही. म्हणून डोक्यात खूळ आलंय की ६ फूट बाय अडीच फुटाचं टेबल करायचं, वरचा भाग ८ इंच खोल पेटीसारखा, त्यात दोन्ही मशीन उघडी मांडायची आणि वरून अख्खी काच, आत लाइट. लियान ली या कॅबिनेट बनवणाऱ्या कंपनीने डीके सिरीजमध्ये अॅल्युमिनियमची अशी टेबलं काढली होती बघा, तसलं, पण आपल्या प्लायमध्ये. उंची ३० इंच.
सुतार मिस्त्रीला चित्र दाखवलं तर म्हणाला, "म्हणजे सोनाराचं शोकेस म्हणा की." मान्य केलं, काय करणार.
विचारायचंय ते एवढंच. गरम किती होईल (एप्रिल-मेमधली आपली सांगली माहीतच आहे), काच किती जाड घेऊ, आणि मदरबोर्ड डायरेक्ट प्लायवर ठोकला तर चालतो का. टेबल आम्ही आळीपाळीनं वापरतो, दिवसा तिचं, रात्री माझं.

कुपवाड_सेकंड_शिफ्ट:
गरमीचं नंतर बघू, आधी मांड्या कुठं घालणार ते सांग भावा.
३० इंचातनं ८ गेले, राहिले २२. मी आत्ता खुर्चीत बसून टेप लावली, जमिनीपासून मांडीचा वरचा भाग भरला २४. म्हणजे तू टेबलात शिरणारच नाहीस, बाजूला तिरका बसून एडिटिंग करशील. खुर्ची खाली केलीस तर कीबोर्ड छातीला येतोय. टेबल उंच केलंस तर खांदे वर, आठ दिवसांत मान धरली म्हणून सांगशील.
आता पेटी पातळ करतो म्हणशील, तर तेही बघ. बोर्ड आडवा पडला की ग्राफिक्स कार्ड उभं राहतं, त्याचीच उंची पाच-साडेपाच इंच, वर पॉवरची वायर वळायला जागा लागते. रायझर केबल, म्हणजे कार्ड बोर्डाला लांबून जोडणारी पट्टी, घालून कार्ड झोपवता येतं, पण मग प्रोसेसरवरचा कूलर आडवा येतो, टॉवरवाले कूलर सहा इंचाच्या आसपास असतात. कूलरही बदलायचा? खर्च वाढतच चाललाय आणि रायझर जुन्या जनरेशनचा मिळाला की स्क्रीन काळी, मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन कार्डाच्या स्लॉटचा वेग जुन्या जेन ३ ला आणत बसायचं.
त्यापेक्षा मधली पेटीच काढून टाक. डावीकडे २२ इंच रुंद खण तुझ्या मशीनला, उजवीकडे २२ चा वहिनींच्या मशीनला, मध्ये २८ इंच नुसती फळी, तिथं पाय. एका वेळी एकच माणूस बसणार म्हणतोस ना, मग २८ खूप झाले. बाजूचे खण मग ८ काय १२ इंच खोल कर, मांडीचा संबंधच नाही.

बंद_पडलेला_पंखा:
वरच्यांना पूर्ण अनुमोदन. मी २०२० मध्ये घरात बसून असंच टेबल केलेलं, माझं चुकलं ते सांगतो म्हणजे तू तरी वाचशील. मी मागच्या बाजूला दोनच पंखे लावले, दोन्ही हवा बाहेर टाकणारे, आणि आत हवा यायला वेगळी वाट ठेवलीच नाही, तर ती फटीफटीतनं यायला लागली आणि येताना सगळी धूळ घेऊन. वर काच, गरम हवा वर जाऊन काचेखाली तशीच बसलेली, मनगट ठेवलं की तव्यावर ठेवल्यासारखं. नंतर पुढच्या पट्टीत दोन १२० एमएमचे पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा असं केलं, पुढच्यांना जाळी, तेव्हा कुठं निभावलं. आत येणारी हवा जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेव म्हणजे फटीतनं धूळ ओढली जात नाही. आणि टेबल भिंतीला चिकटवू नकोस, चार इंच सोड.
जाळी मागेही लाव. माझ्या मागच्या भोकातनं पाल आत आली. काय झालं ते सांगत नाही, जेवायची वेळ आहे. पण तीन दिवस वास कुठनं येतोय ते कळत नव्हतं आणि आई म्हणत होती गॅस तपासा.
आवाजाचं कुणी बोललं नाही. पोकळ लाकडी पेटी म्हणजे भोपळाच झाला की, मिरजेत त्याचे तंबोरे करतात. पंख्याची बारीक घरघर त्यात अशी घुमते की रात्री दोन वाजता घरभर तानपुरा लागलाय. पंखा प्लायला डायरेक्ट स्क्रूनं कसू नको, मध्ये रबर घाल. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, फरक लगेच कळला.
बोर्ड प्लायवर ठोकू नको. भंगारात जुनं कॅबिनेट मिळतं, त्याचे रिव्हेट ड्रिलनं उडवायचे की बोर्डामागचा पत्रा आणि मागची स्लॉटवाली पट्टी मिळून एकच तुकडा निघतो, तो अख्खा खणात बस्स बसवायचा. पितळी स्टँडऑफची, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून वर धरणाऱ्या खुंट्यांची, भोकं जागच्या जागी, कार्डाला स्क्रू मारायलाही जागा. प्लायवर मापं काढून एटीएक्स या नेहमीच्या मापाच्या बोर्डाची भोकं जुळवत बसलो होतो मी, ३०५ बाय २४४ एमएमचा बोर्ड, दोन मिलिमीटर चुकलं की कार्ड स्लॉटात तिरकं.
पॉवर बटणाला साधं डोअरबेलचं बटण चालतं, आतल्या दिव्याचं नको, साधं. बोर्डाच्या दोन पिनांना वायर, उलटसुलट कशीही. आमच्याकडे पाहुणे येऊन दाबायचे आणि बेल वाजत नाही म्हणायचे.

काचवाला_पोरगा:
घरचं काचेचं काम आहे म्हणून बोलतो. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काचच घ्या, ८ एमएम पुरे. पण वायरीचं भोक, कोपऱ्याची गोलाई, काय असेल ते आधी सांगायचं, कारण कापणं आणि भोक पाडणं भट्टीत जायच्या आधी. टफन झाल्यावर एक मिलिमीटर घासायला गेलात तरी अख्खी काच साबुदाण्यासारखी खाली. लोक येतात आणि म्हणतात जरा कोपरा कमी करून द्या.
वजन बघा. ८ एमएम काच चौरस मीटरला २० किलो. तुमची पहिली ६ बाय अडीचची अख्खी काच २८ किलोच्या घरात गेली असती, आतला पंखा पुसायला दर वेळी दोन माणसं. बाजूच्या खणाचं झाकण २२ बाय २८ इंच धरलं तर ८ किलो, एकट्यानं उचलता येतं. खाली रबरी टिकल्या लावा, लाकडावर थेट ठेवू नका.
मॉनिटरचा आर्म काचेला क्लॅम्प करायचा नाही म्हणजे नाही. मधली फळी प्लायचीच आहे, आर्म तिला.
आणि माऊस. साध्या काचेवर चालत नाही, पॅड लागतंच.

कुपवाड_सेकंड_शिफ्ट:
अर्थिंग तपासून घे रे. जुन्या घरात तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसरी पिन नुसती शोभेची. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायच्या, आतल्या फिल्टरमुळं पत्र्याला झिणझिण्या येतात. कॅबिनेटला आपण सहसा हात लावत नाही, पण हे टेबल आहे, कोपर दिवसभर त्यावरच. दोन्ही पत्रे अर्थला जोडलेले हवेत.

वखारभाग_४१६:
इतकं सगळं झालं, पण नाव गावभागकर आहे तुमचं, म्हणजे सांगलीचा नदीकाठचा गावभाग, आणि खोली कुठल्या मजल्यावर ते कुणीच विचारलं नाही?

गावभागकर:
खाली. तळमजला.

वखारभाग_४१६:
मग २०१९ चा महापूर आठवा. २०२१ चा पण. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फूट झालं की इशारा, ४५ ला धोका, आणि मेसेज यायला लागले की हातात किती तास असतात तुम्हाला माहितीये. आम्ही फ्रीज वर नेला, कपाटं तशीच सोडली, कारण कपाट खोलीतच बांधून घेतलेलं, दारातनं निघेच ना. पाणी गेल्यावर त्या प्लायची पानं सुटलेली, वहीसारखी. मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० शिक्क्याचा, पण तोसुद्धा गाळात चार दिवस ठेवायची वस्तू नाही.
मिस्त्रीला सांगा फेविकॉल कुठंही नको, सगळं नटबोल्टवर. दोन खण वेगळे, मधली फळी वेगळी, पाय लोखंडी आणि वेगळे. खण वायरी काढून आख्खा उचलता आला पाहिजे, मशीनसकट. आणि जिना मोजा.

गावभागकर:
आत्ता मोजून आलो. जिना कठड्यापासून भिंतीपर्यंत २६ इंच, वर वळण. २२ चा खण उभा धरून जातोय, खोक्याला टेप लावून बघितलं, वळणावर भिंतीला घासतोय पण जातोय. १२ इंच खोल केला तर नाही जात, १० पर्यंत ठीक. म्हणजे खण २२ बाय २८ बाय १०, दोन, काच निराळी.
मिस्त्रीला फोन केला. अख्खं बोल्टवर म्हटल्यावर गप्पच झाला थोडा वेळ, मग म्हणाला मजुरी जास्त लागेल पण २०१९ ला माझी पण रंधा-करवत वाहून गेली, कळतंय मला. सोमवारी प्लाय आणायला जातोय.
लाइट लावू की नको ते राहिलं. बायको म्हणते टॅली करताना खालनं निळा उजेड नको.

बंद_पडलेला_पंखा:
तुझ्या खणात लाव, तिच्या नको. आणि मागची जाळी विसरू नको.