मदत हवी आहे: एसी आणणाऱ्या आणि बसवणाऱ्यांना टिप किती, कधी?

मनीषनगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. शनिवारी दीड टनाचा स्प्लिट एसी येतोय. दुकानाचे दोन हमाल पेट्या वर आणतील, बसवायला मेकॅनिक आणि मदतनीस वेगळे येतील.

बसवण्याचं शुल्क बिलात आहे. 3 मीटरच्या वरची तांब्याची पाइप, बाहेरच्या युनिटचा स्टँड यांचे पैसे पावतीवर वेगळे देणार, ते टिपमध्ये धरत नाही. कस्टमर केअरला विचारलं, तर ‘ऐच्छिक आहे’ एवढंच उत्तर. शेजारी 50 पासून 500 पर्यंत काहीही सांगतात.

मेकॅनिकला शेवटीच द्यावं असं वाटतं. पाइपमधली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावला, जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती पाहिली, ड्रेनचं पाणी नीट उतरलं, मग. पण हमाल तर पेट्या ठेवून लगेच निघतात. मे महिन्याचं ऊन, वेळ दुपारी 1 ची मिळालीय (सकाळची मागितली होती). थंड पाणी, ताक देणारच, पण ते पैशांऐवजी नाही.

हमालांना मजल्यांच्या हिशोबाने द्यायचं की पेटीमागे? आणि मेकॅनिकच्या हाती दिलं तर मदतनीसाला वाटा मिळतो, की दोघांना वेगवेगळं रोखच द्यावं?