कीवच्या पोलिशांनी १९१७ साली हातची संधी घालवली का?

मध्यरात्रीचा वाचक:
मत आधीच सांगतो, शिव्या नंतर घाला. घालवली. रशियाचा झार गेल्यावर कीवमध्ये ह्रुशेव्स्कींची मध्य रादा, म्हणजे युक्रेनियनांची परिषद, उभी राहिली आणि तिथल्या पोलिश अल्पसंख्याकांना तिने जे देऊ केलं ते त्या काळी युरोपात फारसं कुणी देत नव्हतं. पोलिश कारभाराचं वेगळं खातं, त्यावर मित्स्केविच हा पोलिश माणूस, आणि जानेवारी १९१८ मध्ये स्वायत्ततेचा कायदा, म्हणजे तुम्ही पोदोलिया प्रांतात राहा नाहीतर कीवमध्ये, पोलिश म्हणून नाव नोंदवा आणि आपल्या शाळा-संस्था आपण निवडलेल्या मंडळाकडून चालवून घ्या. रशियन, ज्यू आणि पोलिशांना हे आपोआप, बाकीच्यांनी १०,००० सह्या गोळा करून अर्ज करायचा. १०० कार्बोवानेत्सची (रादेच्या चलनाची) पहिली नोट शोधून बघा, मजकूर युक्रेनियन, रशियन, पोलिश आणि यिद्दिश चारही भाषांत! आणि बार्तोशेविच यांची पोलिश कार्यकारी समिती, म्हणजे तिथल्या पोलिशांची संघटना, काय करत होती, तर जमीन जाणार म्हणून रादेवर डोळे वटारत बसली होती. अख्ख्या समाजाचं राजकारण मूठभर जमीनदारांच्या सातबाऱ्याला बांधून ठेवलं राव.

खडूस कोल्हापुरी:
बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. १ नोव्हेंबर १९१७ ला व्होलिन प्रांतातल्या स्लावुताला काय झालं ते सोयीस्कर गाळलंत. पोलिश जमीनदार प्रिन्स रोमान सांगुश्को, वय ८५, वाड्यावर चालून आलेल्या सैनिकांनी म्हाताऱ्याला ठार मारलं. तीन आठवड्यांच्या आत रादेचा तिसरा जाहीरनामा आला, त्यात एका हाताने अल्पसंख्याकांना स्वायत्ततेचं वचन आणि दुसऱ्या हाताने जमीनदारांची मालकी रद्द. पोलिश शाळांना पैसा बराचसा याच वाड्यांतून यायचा, मग वाडे उठल्यावर ती स्वायत्तता चालवायची कशावर? आणि ज्या कायद्याचं तुम्हाला एवढं कौतुक तो पास होऊन महिना व्हायच्या आत कीव बोल्शेविकांनी घेतलं. नोटेवर चार भाषा छापून कुणाचं घर जळायचं थांबत नाही.

मध्यरात्रीचा वाचक:
सांगुश्कोंना मारणारे झारच्या मोडलेल्या फौजेतले, बोल्शेविकांच्या नादी लागलेले शिपाई होते, रादेने पाठवलेले नव्हते. तुम्ही गुन्हा एकाचा आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाडताय.

खडूस कोल्हापुरी:
अहो पण त्यांना आवरणं हेच तर राज्याचं काम ना? जमत नसेल तर लोक स्वतःचं बघणारच, तिथे पोलिश फौजेचे तुकडे उभे राहिले ते काय हौस म्हणून?

नकाशेवाली:
तुम्ही दोघंही पोलिश म्हणजे जमीनदार असं धरून भांडताय. व्होलिन-पोदोलियातले कॅथलिक शेतकरी, साखर कारखान्यातले कामगार, कीवचे कारकून, महायुद्धात पश्चिमेकडून आलेले निर्वासित, हे कुठे गेले? यांच्यातल्या कितीतरी जणांकडे गमवायला एकरभर जमीन नव्हती. मित्स्केविचसारखे डेमोक्रॅटिक गटाचे लोक रादेबरोबर बसले ते यांच्याच जोरावर बोलू बघत होते, पण समाजात पैसा, छापखाने आणि वट सगळं समितीकडे, त्यामुळे रादेशी जुळवून घेणाऱ्याला घरभेदी ठरवणं सोपं गेलं. आणि लिपिन्स्की कसे विसरलात? व्होलिनमधल्या झातुर्त्सीच्या पोलिश कॅथलिक जमीनदाराचा मुलगा, १९०९ सालापासून आपल्याच वर्गाला सांगत होता की बाबांनो, ज्या मातीत राहता तिथल्या लोकांचे व्हा. स्वतः युक्रेनियन झाला, कॅथलिक राहिला, पुढे युक्रेनचा हेतमान, म्हणजे सत्ताप्रमुख, स्कोरोपाद्स्कींचा व्हिएन्नातला राजदूत. त्याचं ऐकणारे पोलिश जमीनदार अगदी थोडे निघाले, ही माझ्या मते खरी घोडचूक, जमिनीचा वाद त्यानंतर येतो.

पानिपत१७६१:
ताईंशी अर्धा सहमत. पण लिपिन्स्की हा अपवाद, अपवादावर राजकारण उभं राहत नाही. एप्रिल १९१८ ला जर्मनांच्या जोरावर हेतमान गादीवर आला, जमिनी परत मिळणार म्हणून वाडेवाले खूश, आणि त्याच राजवटीने जुलैत तो स्वायत्ततेचा कायदा रद्द केला. डिसेंबरमध्ये हेतमानही गेला. तेलही गेलं तूपही गेलं.
एक मात्र, कुणी पश्चिमेच्या गॅलिसिया प्रांतातल्या ल्विव्हचं उदाहरण यात घुसडू नका प्लीज. तिथे शहरात पोलिश बहुसंख्य, आजूबाजूच्या गावांत युक्रेनियन, नोव्हेंबर १९१८ पासून सरळ युद्ध. तो हिशोब वेगळा.

मध्यरात्रीचा वाचक:
वेगळा कसा? त्या युद्धानंतर कीवच्या पोलिशांवर कोण विश्वास ठेवणार होतं?

पानिपत१७६१:
ठेवला की! १९२० ला युक्रेनियन प्रजासत्ताकाचा नेता पेत्लुरा याने पोलंडचा प्रमुख पिउसुद्स्की याच्याशी करार केला, गॅलिसियावर पाणी सोडलं, आणि त्या युक्रेनियन सरकारात शेतीमंत्री कोण तर स्तेम्पोव्स्की, पोलिश! गृहखात्यात युझेव्स्की, तोही कीवचा पोलिश. जमिनीवरून एवढं रामायण झाल्यावर शेतीखातंच पोलिशाला दिलं, याचं उत्तर आधी द्या.

खडूस कोल्हापुरी:
उत्तर सोपं आहे, तेव्हा पेत्लुराकडे वाटायला जमीनच उरली नव्हती. दोघांच्या फौजांनी मे महिन्यात कीव घेतलं आणि जूनमध्ये सोडलं. मंत्री कुणालाही करा मग.

नकाशेवाली:
आणि मार्च १९२१ ला सोव्हिएतांशी झालेल्या रीगाच्या तहात पोलंडने त्याच पेत्लुराला वाऱ्यावर सोडलं. सरहद्दीच्या पलीकडे सोव्हिएत बाजूला जे पोलिश शेतकरी अडकले त्यांना तर यातल्या कुणीच काही विचारलं नव्हतं, ना समितीने, ना वॉर्साने.