भाऊ ट्रेनिंगला आहे. रगडा (शिक्षा म्हणून करून घेतलेली कसरत) किती चालतो, आणि कुठे बोलायचं?

माणदेशी_ताई

माझा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून लागला. इन्फन्ट्रीच्या एका सेंटरला ट्रेनिंग चालू आहे. सेंटरचं नाव लिहीत नाही, समजून घ्या. फोन फक्त रविवारी येतो आणि मागचा पोरगा "आटप की" म्हणत असतो. पहिले काही रविवार नुसतं लंगरच्या (तिथल्या भटारखान्याच्या) जेवणाबद्दल बोलायचा. आता आईला "बरं आहे" म्हणतो आणि आई उठून गेली की मला खरं सांगतो.

एकाचा बिस्तरा नीट नव्हता म्हणून अख्ख्या सेक्शनला (त्याच्या छोट्या तुकडीला) मुरमावर फ्रंट रोल मारायला लावले, कोपरं सोलली. हे तो हसत सांगतो. पण रात्री रोलकॉल झाल्यावर एक नवा लान्स नायक ठरावीक तीन-चार पोरांना बाथरूमच्या मागे बोलावतो, ते सांगताना हसत नाही. तिथे थोबाडीत मारतात. एकदा पाण्याची बाटली भरून भरून प्यायला लावली आणि उलटी होईपर्यंत लोळवलं.

तिसरी गोष्ट म्हणजे डाव्या नडगीत एका जागी ठणका लागलाय. एमआय रूमला (तिथल्या दवाखान्यात) जात नाही. "सिक रिपोर्ट केलास तर रेलिगेट होशील" अशी धास्ती घातलीय, वर "बहानेबाज" म्हणतात.

आबा म्हणतात, मिलिटरी आहे, लग्नाची पंगत नव्हे. शेजारचे काका फौजेतून आलेत, तेही म्हणतात मधे पडू नका. मला एवढंच कळून घ्यायचंय की यातलं नेहमीचं कुठलं आणि नसलेलं कुठलं. आम्ही काही बोललो तर त्याचंच नुकसान होईल का?

जुना_उस्ताद

ताई, नमस्कार. इन्फन्ट्रीत हवालदार होतो, मधली काही वर्षं सेंटरवर उस्ताद म्हणून, म्हणजे पोरांना शिकवण्यात, काढली. तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका पोत्यात भरू नका.

मुरमावरचे फ्रंट रोल हा रगडा. तो सगळ्यांना बसतो, कोपराची कातडी परत येते, त्याची मला दया येत नाही. एकाच्या चुकीसाठी सगळ्या सेक्शनला का, असं घरच्यांना वाटतं. पण ही पोरं भरतीला कशी पळालीत ते बघा. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आले तर पुरे साठ मार्क, मग शेजारचा पडला तरी बघायचं नाही. वर्ष-दोन वर्षं अकॅडमीत हेच घोटलेलं असतं. असल्या पोराला सेक्शनमधल्या सगळ्यात हळू गड्यासाठी थांबायला शिकवायचं तर भाषण देऊन होत नाही. पट्टी परेडचंही, म्हणजे सारखे कपडे बदलायला लावण्याचंही, तेच. पीटी ड्रेसमध्ये या, आता कॉम्बॅटमध्ये या, परत पीटी ड्रेसमध्ये. पहिल्या महिन्यात पोरं आम्हाला मनातल्या मनात आईबहिणीवरून शिव्या घालतात. तिसऱ्या महिन्यात शेजारच्याच्या बुटाची नाडी कुठे अडकते हेसुद्धा त्यांना पाठ असतं, आणि तो मागे राहू नये म्हणून दोघं त्याच्यावर तुटून पडतात.

मग बरोबर रगडा ओळखायचा कसा? उस्ताद स्वतः त्याच उन्हात उभा असतो. कशासाठी आणि किती, हे आधी मोठ्यानं सांगितलेलं असतं. आजारी पोरगं सुरू व्हायच्या आधी लाइनीतून बाहेर काढलेलं असतं, मधे पाणी मिळतं. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे सुभेदार साहेब शेजारून गेले तरी काम थांबत नाही. साहेब दिसले की ज्याचा हात खाली जातो, तो रगडा देत नव्हता.

रात्रीच्या बाथरूमचं यात कुठंच बसत नाही. ट्रेनिंग प्रोग्रॅम तासावारी छापून बोर्डावर लागतो. रोलकॉलनंतर थोबाडीचा पीरियड मी कधी वाचला नाही. हे उद्योग मुरलेले उस्ताद सहसा करत नाहीत. नवी फीत लागलेला, म्हणजे नुकता बढती मिळालेला, करतो. त्याच्या माथ्यावर चाळीस पोरं, फायरिंगचा रिझल्ट खराब, वरून कंपनी कमांडर विचारतो का, आणि त्याच्याजवळ हात सोडून दुसरं हत्यार नसतं. आमच्याकडे एक काटकुळा ड्रिल उस्ताद होता. त्यानं कुणाला बोट लावलेलं मी पाहिलं नाही, पण पोरं मारणाऱ्यांपेक्षा त्याला जास्त टरकायची. तो नुसता "दुबारा" म्हणायचा, आवाज न चढवता.

पायासाठी उद्याच्या उद्या सिक रिपोर्ट करायला सांगा. रेलिगेट म्हणजे घरी पाठवणं नव्हे, मागच्या बॅचला टाकतात. आपल्या बॅचची पोरं सुटतात, तेच जास्त लागतं. पण तसाच पळत राहिला आणि बीपीईटीच्या (फौजेच्या शारीरिक चाचणीच्या) पाच किलोमीटरला, पाठीवर सामान आणि हातात रायफल असताना पाय मोडला, तर मेडिकल बोर्डापर्यंत, म्हणजे नोकरीला लायक आहे का इथपर्यंत जातं.

बोलायचं तर आधी त्यानं स्वतः, प्लाटून हवालदारामार्फत कंपनी कमांडरचा इंटरव्ह्यू, म्हणजे समोरासमोर भेट, मागावी. नाही मिळाला तर आबांनी कमांडंटच्या नावानं साधं पत्र टाकावं, त्यात तारीख, जागा, काय झालं, बस. फेसबुकवर टाकू नका आणि आमदाराचा फोन तर मुळीच नको. मग ते पोरगं आमदाराचं पोरगं म्हणूनच राहतं.

फौजी_नाना

आम्हाला बेल्टनं फोडलंय, तरी आम्ही इथे आहोत. आजची पोरं थोबाडीत बसली की ताईला फोन करतात. उद्या गोळी लागल्यावर कुणाला करणार? ट्रेनिंगमधला घाम लढाईतलं रक्त वाचवतो.

जुना_उस्ताद

नाना, घामाबद्दल भांडण नाही. थोबाडीत घाम कुठे येतो?

वर, उंच डोंगरावरच्या ड्यूटीला, तुम्ही गेला असाल. 9,000 फुटांवर सहा दिवस, 12,000 वर चार, 15,000 च्या वर आणखी चार, असं टप्प्याटप्प्यानं अंग सवय करून घ्यायला थांबवतात. त्या दिवसांत सेक्शन कमांडरचं मोठं काम काय, तर डोकं दुखतंय का, झोप लागली का, खोकला आहे का, हे पोरांकडून काढून घेणं. फुप्फुसात पाणी भरायला लागलेलं पोरगं संध्याकाळी "ठीक आहे उस्ताद" म्हणालं, तर सकाळपर्यंत हातचं जातं. ज्याला सेंटरवरच शिकवलं की दुखणं सांगितलं की बहानेबाज, तो वर जाऊन खरं बोलेल? मला मार खाल्लेला पोरगा चालेल, लपवणारा नको. आणि मार खाल्लेला लपवायलाच शिकतो.

अजून एक. ऑगस्ट 2023 मध्ये ठाण्याच्या एका कॉलेजातला एनसीसीचा व्हिडिओ फिरला होता, आठवत असेल. भर पावसात पोरं चिखलात डोकं टेकवून, आणि मागून दांडका. दांडकेवाला कोण, उस्ताद नव्हे, त्यांच्यातलाच सिनियर विद्यार्थी. त्याला हे कुठल्या सेंटरनं शिकवलं होतं? तुमच्या-माझ्यासारख्यांच्या बढाया ऐकूनच शिकला असणार.

वैद्य_बाई_चंद्रपूर

मारहाणीवर उस्तादांनी लिहिलंय, मी शरीराचं सांगते.

बोटानं दाबून दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, पळताना वाढत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चर धरून चालायचं. नडगीची पूर्ण कड दुखत असेल तर त्यामानानं किरकोळ. रिक्रूटांमध्ये हे नेहमीचं आहे, कारण हाडाला बळकट व्हायला स्नायूंपेक्षा जास्त वेळ लागतो. विश्रांती मिळाली तर काही आठवड्यांत जुळतं.

पाणी प्यायला लावण्याला कुणी गंमत समजू नये. थोड्या वेळात लिटरच्या लिटर पाणी गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते, माणूस दगावतो. शेकडो उठाबशांनंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर आलंय, त्याच दिवशी सलाइन लागतं. उन्हात पळणारा असंबद्ध बोलायला लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर आधी जागेवरच गार पाण्यात घाला, गाडी नंतर. दक्षिण कोरियात मे 2024 मध्ये शिक्षा म्हणून पाठीवर सगळा सरंजाम घेऊन पळवलेला एक रिक्रूट दोन दिवसांत गेला. तिथल्या कंपनी कमांडरला अटक झाली.

आमच्या भागातल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या आदिवासी मुलांत सिकलसेलचे (आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचे) वाहक बरेच असतात. एरवी त्यांना काही त्रास नसतो, पण अतिश्रमात धोका वाढतो. 1987 च्या अमेरिकी अभ्यासात अशा रिक्रूटांचे अचानक मृत्यू कितीतरी पट जास्त दिसले होते. पुढे तिथल्या सैन्यानं पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम सगळ्यांनाच लागू केला. 2016 साली सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास झाला, त्यात वाहकांचे मृत्यू जास्त आढळले नाहीत. स्नायू फुटण्याचा धोका मात्र राहिलाच. ट्रेनिंग तिथे काही सोपं केलेलं नाही, हे नानांसाठी.

कलम_बहाद्दर

पलटणीत क्लार्क होतो, म्हणून कागदाचं तेवढं सांगतो. आर्मी ॲक्ट 1950, कलम 47: हाताखालच्या माणसावर बळ वापरणं किंवा त्याला वाईट वागवणं, कोर्ट मार्शलमध्ये सात वर्षांपर्यंत कैद. कलम 26: आपल्यावर अन्याय झाला असं वाटणाऱ्या जवानानं कंपनी कमांडरकडे तक्रार करण्याचा हक्क. अग्निवीरांनाही हाच कायदा लागू. "चांगला सैनिक होण्याची शक्यता नाही" असा शेरा मारून रिक्रूटाला आर्मी रूल्सच्या नियम 13 खाली काढता येतं हे खरं, आणि धमकी बहुतेक त्याचीच असते. पण ती सही लान्स नायकाच्या हातात नसते. सिक रिपोर्टची नोंद असली तर नंतर त्याचाच आधार होतो, म्हणून एमआय रूमच्या चिठ्ठीचा फोटो किंवा निदान तारीख जपून ठेवायला सांगा.

माणदेशी_ताई

सगळ्यांचे आभार. आज बोलणं झालं. सिक रिपोर्ट केला, एक्स-रे काढला, त्यात काहीच दिसलं नाही. दोन दिवसांचं लाइट ड्यूटी मिळालं आणि आता बॅरकमध्ये "बघा, नाटकी" सुरू झालंय. दुखणं तसंच आहे. इंटरव्ह्यू मागायला तो तयार आहे, पण म्हणतो, एक्स-रे साफ आला, आता कोण ऐकणार?

वैद्य_बाई_चंद्रपूर

साफ एक्स-रेवर जाऊ नका. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे अशी चीर पुष्कळदा दिसतच नाही. हाड भरायला लागलं की मग पांढरट रेघ येते. त्यानं परत जाऊन एवढंच सांगावं: दुखणं त्याच जागी आहे, पळून वाढतं, दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय करावा. तिथल्या डॉक्टरांना हे नवं नाही, रोज असे पाय बघतात. तोवर पळणं बंद, चालताना दुखत असेल तर तेही कमी.

जुना_उस्ताद

इंटरव्ह्यूला पायाचं आणि रात्रीचं एकदम सांगू नये. पायाचं एमआय रूमला, रात्रीचं कंपनी कमांडरला. दोन्ही एकत्र गेलं की पाय वाचवायला तक्रार केली म्हणतील. बाकीच्या तीन पोरांना बरोबर घेता आलं तर बघा. एकटा गेला तरी जाऊ दे, पण दिवसा, बेल्ट-टोपी नीट लावून.